ढब्बू सावलीत ठेवलाय!

“बाहेर ऊन आहे, तेव्हा लपायचं ते या हॉलमध्येच! बाहेर गेला तो बाद!” लंबूने फर्मान काढलं.

“राज्य कोणावर?”

“ढब्बूवर!” रेडिओने जाहीर केलं. सुट्टीतल्या शिबिराचा पहिला दिवस संपायच्या आत त्याला ‘रेडिओ’ हे नाव मिळालं होतं. त्याचं तोंड झोपेतही बंद होत नसणार, असं सगळ्यांचं मत होतं.

“पण ढब्बू आहे कुठे?” मास्तरीण म्हणाली.

ढब्बू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय वर्षं चार, गाल फुगलेले. आईची दवाखान्यात दिवसपाळी, म्हणून तो आजपासून ताईबरोबर शिबिराला यायला लागला होता. आणि ताईला मास्तरीण का म्हणायचे? कोणी काही चुकीचं बोललं, की ती लगेच दुरुस्त करायची. समोरचा मोठा असो की लहान!

“लपला असेल आधीच! लबाड आहे!” रेडिओ हसला. पण टेबलाखाली ढब्बू नव्हता. चटयांच्या ढिगामागेही नव्हता. मास्तरिणीला आठवलं, सकाळी शिबिराची गाडी थांबल्याबरोबर पहिली रांग पकडायला आपण उडी मारून पळालो. ढब्बूला उतरताना पाहिलंच नाही; तो छोट्यांच्या गटात असेल, असंच धरलं.

ती धावत शिबिराच्या ताईंकडे गेली. ताईंनी खिडकीतून हाक मारली, “ड्रायव्हरकाका, ढब्बू उतरला ना हो गाडीतून?”

ड्रायव्हरकाका जेवायला घरी निघाले होते. स्कूटरला किक मारता मारता ते ओरडले, “केव्हाच! व्हरांड्यात सावलीत ठेवलाय! वर ओलं फडकंही टाकलंय!” आणि स्कूटर भुर्रकन निघून गेली.

“बघ! डोक्यावर ओलं फडकंसुद्धा! किती काळजी घेतात!” असं म्हणून ताई फोनवर बोलायला लागल्या.

“ठेवलाय?” मास्तरीण जागची हलली नाही. “मुलाला बसवतात. ठेवतात ते सामान.”

“झालं! निघाली व्याकरणाची चूक!” रेडिओ म्हणाला. पण तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं.

तिघं व्हरांड्यात धावले. तिथे ढब्बू नव्हता. होता फक्त एक गोलमटोल पाण्याचा जार, ओलं फडकं पांघरलेला. लंबूने फडकं उचललं, तोच स्वयंपाकाच्या मावशी ओरडल्या, “ए, ढब्बूला हात लावू नका! पाणी गार होतंय!”

“को… कोणाला?”

“अगं, या जारला! ड्रायव्हर त्याला ढब्बूच म्हणतो.”

मास्तरिणीच्या लक्षात आलं. म्हणजे काकांनी जार उतरवला होता. मग आपला ढब्बू? तो गाडीत बसला की लगेच पेंगतो. मागच्या सीटवर, पडद्याआड!

“मावशी, ताईंना बोलवा! डॉक्टरांना बोलवा! ढब्बू गाडीत आहे!” ती किंचाळली आणि फाटकाकडे पळाली.

फाटकावर वॉचमनकाका आडवे आले. “थांबा! दुपारी मुलांना उन्हात सोडायचं नाही. नियम आहे!”

“काका, माझा भाऊ गाडीत आहे!”

“कोणी नाही गाडीत. मी पाहिलंय. सगळे पडदे लावलेत.”

“पडदे लावलेत, तर आतलं दिसलं कसं?”

वॉचमनकाका गडबडले, पण कुलपाची किल्ली काही खिशातून निघेना. “जास्त शहाणपणा नको! आधी ताईंची परवानगी आणा.”

तेवढ्यात रेडिओने भोंगा लावला, “काका! मांजर! तुमच्या डब्यात तोंड घातलंय!”

“हाड! हाड!” काका खोलीत पळाले. लंबूने मास्तरिणीला फाटकावर चढवलं, मागून स्वतः उडी टाकली.

रस्त्यावर डोळे उघडवत नव्हते. सकाळी गाडी भिंतीच्या सावलीत लावली होती. आता सावली भिंतीच्या पायथ्याशी चिकटली होती आणि गाडी रखरखीत उन्हात उभी होती. मुलांना ऊन लागू नये म्हणून लावलेले जाड पडदे सगळ्या काचांवर ओढलेले. मास्तरिणीने दाराला हात लावला, चटका बसला. दार बंद!

“ढब्बू! ए ढब्बू!”

आतून काहीच आवाज आला नाही. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“बाजूला हो!” लंबूने मोठा दगड उचलला आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच फोडली. हात घालून दार उघडलं. भट्टीसारखी वाफ अंगावर आली. मागच्या सीटवर ढब्बू पडला होता. तोंड लालबुंद, अंग तव्यासारखं. हाक मारली तर ओ नाही.

दोघांनी त्याला उचलून भिंतीलगतच्या चिंचोळ्या सावलीत आणलं. तोवर फाटक उघडून सगळे धावत आले. शिबिराच्या ताईंनी घाईघाईने त्याच्या तोंडाशी बाटली नेली.

“नाही! तोंडात पाणी नको, ठसका लागेल! तो शुद्धीत नाही!” मास्तरीण ओरडली. आई हे घरी कितीदा तरी सांगायची. “अंगावर ओता! कपडे सैल करा! वारा घाला!”

रेडिओने जार ओढत आणला. पहिल्यांदाच तो एक अक्षर बोलत नव्हता. फडकी भिजवली, चटई हलवली. रुग्णवाहिकेचा आवाज जवळ आला, तेव्हा कुठे ढब्बू कण्हला.

संध्याकाळी दवाखान्यात त्याने डोळे उघडून मास्तरिणीकडे पाहिलं आणि “भूक लागली” म्हणाला. डॉक्टर हसले. “पोरांनो, तुम्ही परवानगीची वाट बघत बसला असतात, तर मला काही करता आलं नसतं. शाब्बास!”

ड्रायव्हरकाका कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. शिबिराच्या ताई आईला रडत म्हणाल्या, “तुमच्या मुलीने वाचवलं हो त्याला!”

“वाचवलंच,” आई म्हणाली. “पण गाडी रिकामी झाली का, हे बघायचं काम तिचं नव्हतं. ते तुम्हा दोघांचं होतं.”

“आई, मीच त्याला सोडून पळाले,” मास्तरीण कशीबशी बोलली.

आईने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं, ओठ कोरडे पडले होते. “तू दुपारपासून पाणी प्यायलीस का गं?”

तिने ‘नाही’ म्हणून मान हलवली. सगळ्या धावपळीत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. आईने तिला मांडीवर ओढलं आणि ग्लास तिच्या ओठांना लावला. एरवी मांडीवर बसायला लाजणारी मास्तरीण, लंबू आणि रेडिओच्या देखत, घोट घोट पाणी प्यायली.