शिकवलेला हात

मंगळवारी दुपारी मी आमच्या ह्यांचा हात पिशवीत घालून केंद्रावर नेला. हसू नका. ह्यांचा उजवा हात कारखान्यातल्या यंत्रात गेला, त्यानंतर त्या केंद्राने बसवून दिलेला कृत्रिम हात तो. वरून मऊ, अगदी कातडीसारखं आवरण. त्याला कुणी स्पर्श केला की ह्यांच्या दंडावरचा पट्टा तेवढाच दाबतो, आणि ह्यांना स्पर्श कळतो. पण आधी त्या आवरणाला स्पर्श शिकवावा लागतो. एकवीस दिवस, रोज दुपारी एक वाजता, घरच्या माणसाने तो हात तासभर हातात धरून बसायचं, अशी तिथली पद्धत.

मला त्या गार कातडीची किळस आली. "तुम्हीच शिकवा बाई," असं केंद्रातल्या मुलीला सांगून मी मोकळी झाले. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा ना! आता त्या आवरणाला तिचाच स्पर्श ओळखीचा; मी हात धरला की ह्यांचा चेहरा कोरा. आणि रोज दुपारी एकला, जवळ कुणी नसताना, पट्टा आपोआप दाबायला लागे आणि हे डोळे मिटून गालातल्या गालात हसत. सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी कधी असे हसले नाहीत. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही व्हायची.

"तिने शिकवलेलं सगळं पुसा," मी केंद्रातल्या इंजिनिअरला म्हणाले. "आणि तिला बोलवा. चार शब्द ऐकवायचेत."

तो घुटमळला. "काकू... ती गेली. महिना झाला."

"कुठे गेली?"

"वारली हो."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, बरं वाटलं. त्याने माझ्या डोळ्यांदेखत सगळं पुसलं.

बुधवारी घरी मी स्वतः शिकवायला बसले. हे आरामखुर्चीत, हात बसवलेला. पट्टा अजून टेबलावरच पडला होता. घड्याळात एक वाजला. मी हात पुढे करण्याआधीच त्या मऊ कातडीवर चार खळगे उमटले, बोटांनी दाबल्यासारखे. खोलीत केंद्रातल्या स्पिरिटचा वास पसरला.

"अहो..."

"हं... आज किती ऊबदार आहे गं हात तुझा," हे डोळे मिटून पुटपुटले.

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

मी दचकून मागे सरकले. पण मत्सर भीतीला पुरून उरला. "तो रबराचा घे तुला," मी मोठ्याने म्हणाले, "पण हा माझा आहे!" आणि ह्यांच्या डाव्या हातावर, खऱ्या हाडामांसाच्या हातावर, मी झडप घातली.

त्याची मूठ आधीच वळलेली होती. पुरती मिटलेली मात्र नव्हती. मधे कुणाचा तरी हात मावेल एवढी पोकळी होती, आणि काही केल्या माझी बोटं त्या पोकळीत शिरेनात.