‘जोडणे’ लिहिलेली पेटी

“पेटी गेली,” टेलिफोनवर ह्रुबी मास्तर एवढंच म्हणाले.

“कुठली पेटी?” लिबुशेबाईंनी विचारलं.

“जोडण्याची. एकत्र येण्याची. अख्खी गेली हो! सोमवारी पेट्या न्यायला गाडी येतेय.”

शुक्रवारचे साडेअकरा वाजले होते. बाहेर पाऊस नाही नि बर्फ नाही, असा नोव्हेंबरचा राडा पडत होता. लिबुशेबाईंनी बटाट्याच्या सूपखालचा गॅस बंद केला आणि कोट चढवला. खरं सांगायचं तर बाईंना आनंदच झाला. बोस्कोवित्सेच्या पोस्टात पत्ता चुकलेल्या पार्सलांचा विभाग त्यांनी एकतीस वर्षं सांभाळला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, नवरा जाऊन चार. घरातला टेलिफोन वाजलाच तर बहुधा राँग नंबर. आज कुणाला तरी त्यांची गरज पडली होती.

ह्रुबी मास्तर म्हणजे गावातले इंग्रजीचे जुने शिक्षक. बाहत्तर साली सरकारविरोधी बोलतात म्हणून शाळेनं त्यांना हाकललं. पुढची अठरा वर्षं त्यांनी दुधाच्या कारखान्यात बॉयलरमध्ये कोळसा घातला. आणि बॉयलरशेजारी बसून शब्दकोश लिहिला. इंग्रजी शब्द, त्याच्यासमोर आपला चेक शब्द, आणि सगळे शब्द अर्थाच्या गोतावळ्याप्रमाणे लावलेले. पाण्याचे एका पेटीत, रागाचे दुसऱ्या पेटीत. एका चिठ्ठीवर एक शब्द, अशा बुटांच्या छत्तीस पेट्या भरल्या. आता राज्य बदललं, रशियन शिकवणारेही रातोरात इंग्रजी शिकवायला लागले, आणि ब्रनोच्या एका प्रकाशकाला मास्तरांची आठवण झाली.

“एक पेटी कमी असली तर नाही का चालणार?” आत शिरून बूट काढता काढता लिबुशेबाईंनी विचारलं.

“नाही चालणार. करारात छत्तीस लिहिलंय. आणि बाई, मी आज कुठं गेलो होतो माहीत आहे? डोळ्यांच्या डॉक्टरकडे. वसंतापर्यंत वाचता येईल म्हणतो, पुढचं सांगता येत नाही.” मास्तर खुर्चीत टेकले. “चारशे बारा चिठ्ठ्या होत्या. त्या मी परत लिहू शकणार नाही.”

बाईंनी खोली पाहिली. कुलूप शाबूत, खिडक्या बंद. फळीवर पेट्यांच्या रांगेत दात पडावा तशी एक जागा रिकामी.

“किल्ली कुठं ठेवता?”

“जिरेनियमच्या कुंडीखाली.”

“म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक. पेटी शेवटची कधी पाहिलीत?”

“आज सकाळी आठला. धूळ पुसली, दारात आजचा पेपर अंथरला आणि दवाखान्यात गेलो. अकराला परत आलो तर ही जागा मोकळी.”

लिबुशेबाई पुन्हा दारापाशी गेल्या. असल्या हवेत ओले बूट ठेवायला घरोघर पेपर अंथरतात, तसा तो होता. त्यावर पाण्याचे डाग दोनच जोडांचे. एक मास्तरांच्या होडीएवढ्या बुटांचा, दुसरा बाईंच्या स्वतःच्या. बाकी पेपर कोरडा खडखडीत. आतली लाकडी जमीनही स्वच्छ.

पार्सलाचा पत्ता पूर्ण वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही बाईंची जुनी खोड.

“पेटी कुणाला हवी असेल?”

“मिलोशला,” मास्तर कडवटपणे म्हणाले. “त्याचं स्वतःचं पुस्तक येतंय. दोनदा पेट्या मागितल्या, मी नाही म्हटलं. आज इथं येणार होता.”

“आणि ब्रनोच्या प्रकाशकाचा तो संपादक?”

“राडेक? काल गुरुवार, कॉफीला होता. रात्री इथंच सोफ्यावर झोपला. सकाळी सहाच्या बसला मीच सोडलं. हातात एक चपटी बॅग. आणि त्याला पेटी चोरून काय करायचंय? त्याचीच छपाई अडते.”

“काल कॉफीला अजून कोण होतं?”

“दुसरं कोण? व्लास्ता. दर गुरुवारी येते.”

व्लास्ताबाई मास्तरांच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. तळमजल्यावर चपलांचं दुकान, ते बंद. तिसरा मजला रिकामा. व्लास्ताबाई पूर्वी मास्तरांच्याच शाळेत कचेरीत टायपिस्ट होत्या. मुलगा कॅनडात, वर्षातून एक कार्ड पाठवायचा. मास्तरांना शाळेनं काढल्यावर गाव रस्ता ओलांडून पलीकडून जायचं, तेव्हा या बाई केक घेऊन जिना चढायच्या. गावात त्याबद्दल त्यांना मान होता.

* * *

मिलोश गावात इंग्रजीचा क्लास चालवायचा. तरणाबांड, केसांना तेल चोपडलेला. आपल्या क्लासच्या दारातच त्यानं लिबुशेबाईंना अडवलं.

“मी गेलो होतो, लपवत नाही. साडेनऊला बेल दाबली. कुणी नाही. परत आलो.”

“किल्ली कुंडीखाली असते, माहीत होतं?”

“पोस्टमनपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, काकू! पण मला चोरी करायची असती तर अख्खी फळी नेली असती. ‘जोडणे’ एकटं घेऊन काय लोणचं घालू?”

लिबुशेबाईंना हसू आलं. पण प्रश्न मनात रुतला. छत्तिसांतली हीच पेटी का?

शनिवारी त्या व्लास्ताबाईंकडे गेल्या. व्लास्ताबाईंनी दार जरा उशिरानं उघडलं. उजव्या हाताची दोन बोटं निळी झाली होती.

“हे काय हो?”

“ब्लूबेरी. डंपलिंग करतेय, बरणीतल्या ब्लूबेरीचे.”

“शुक्रवारी सकाळी जिन्यात कुणाची चाहूल लागली?”

“साडेनऊला कुणीतरी वर गेलं आणि लगेच उतरलं. बस.” व्लास्ताबाईंनी आत बोलावलं नाही. स्वयंपाकघरातून कोबी शिजल्याचा वास येत होता. “मास्तर जेवले का हो काल?” त्यांनी मध्येच विचारलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग लिबुशेबाईंनी टेलिफोनवर राडेकला गाठलं.

“गुरुवारी नेमकं काय बोलणं झालं?”

“नेहमीचंच. हां, एक गंमत झाली. मास्तरांच्या चिठ्ठ्या सगळ्या रद्दीच्या पाठीवर लिहिलेल्या आहेत. दूध कारखान्याचे फॉर्म, निवडणुकीची पत्रकं, मिळेल ते. मी म्हटलं, पुस्तकात या पाठींचेही फोटो छापू. त्या काळाची साक्ष! मी ‘जोडणे’च्या पेटीतली एक चिठ्ठी उलटी करून वाचलीसुद्धा. ‘वर्गात परदेशी रेडिओचे कौतुक करतात,’ असं काहीतरी टाइप केलेलं होतं.”

“मग?”

“मास्तर म्हणाले, जुना कचरा आहे, ठेव ती. चिठ्ठी माझ्या हातातून जवळजवळ ओढलीच त्यांनी. व्लास्ताबाई केक कापायला उठल्या. बाकी काही नाही.”

लिबुशेबाई तडक मास्तरांकडे गेल्या. फळीवरच्या शेजारच्या पेट्या त्यांनी एकेक करून चाळल्या. मास्तर बघत होते, पण मदतीला उठले नाहीत. ‘तोडणे’च्या पेटीत अगदी पुढे ती परकी चिठ्ठी निघाली. घाईत भलत्या पेटीत खुपसलेली. पुढे मास्तरांच्या अक्षरात इंग्रजी ‘टुगेदरनेस’ आणि त्यासमोर आपला ‘पोस्पोलितोस्त’. मागे जांभळ्या कार्बनच्या ओळी, पानाचा चौथा हिस्सा.

“मास्तर, शाळेच्या कचेरीतली रद्दी तुम्हाला कोण आणून द्यायचं?”

मास्तर खिडकीकडे पाहत राहिले. “आठवत नाही,” ते म्हणाले.

* * *

रविवारी दुपारी लिबुशेबाईंनी सगळ्यांना मास्तरांच्या खोलीत जमवलं. मिलोशला मुद्दाम बोलावलं, कारण गावात त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी नको. शिवाय बाईंना हा क्षण हवाही होता. आपलं बोलणं कुणीतरी कान देऊन ऐकावं, यासाठी त्या दोन वर्षं भुकेल्या होत्या.

“शुक्रवारी बाहेर राडा होता,” त्यांनी सुरुवात केली. “आपल्याकडे माणूस चोरी करायला आला तरी बूट काढूनच घरात पाऊल टाकेल. हसू नकोस मिलोश, तूही टाकशील. पण काढलेले ओले बूट ठेवणार कुठं? दाराबाहेर ठेवले तर येणारा-जाणारा बघणार. म्हणजे आत, पेपरवर. पेपरवर मात्र मास्तरांचे आणि माझे, दोनच डाग. चोराचे बूट ओले नव्हतेच. तो बाहेरून आला नाही. घरातल्या सपातांवर, जिन्यानं आला.”

“लिबुशेबाई,” मास्तर म्हणाले, “एवढं पुरे.”

“थांबा हो. मिलोश रस्त्यावरून आला, तो सुटला. राडेक घरातच झोपला होता, पण तो सहाला गेला आणि पेटी आठला जागेवर होती. तोही सुटला. आता, हीच पेटी का? शब्दांसाठी नाही. शब्दांच्या पाठीसाठी.”

व्लास्ताबाईंनी हात मांडीवर घट्ट धरले होते.

“बाहत्तर साली मास्तरांविरुद्ध कुणीतरी वर तक्रारीचा कागद पाठवला. त्याची कार्बन प्रत कचेरीत राहिली. कचेरीत माणसं दोन. हेडमास्तर, ते वारले. आणि टायपिस्ट. त्याच टायपिस्टनं नंतर मन खातं म्हणून मास्तरांना रद्दीचे गठ्ठे आणून दिले. वाटलं असेल, नोकरी घालवली, निदान कागद तरी देऊ. त्या गठ्ठ्यात नजरचुकीनं ती प्रतही गेली. गुरुवारी राडेकनं ओळ वाचली आणि बाईंनी आपलं वाक्य ओळखलं. पाठींचे फोटो छापले तर सगळं उघडं! चारशे चिठ्ठ्यांतून तुकडे तिथं उभ्यानं शोधणं शक्य नव्हतं, म्हणून अख्खी पेटी खाली गेली. तुमच्या बोटांना ब्लूबेरी नव्हती लागली, व्लास्ताबाई. स्वयंपाकघरात कोबी शिजत होता. ती शाई होती. तुम्ही चिठ्ठ्या उतरवून काढत होतात.”

मिलोश पायांतल्या सपातांकडे बघत बसला.

“दोनशे तीस झाल्यात,” व्लास्ताबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. “मास्तरांचा एकही शब्द मला घालवायचा नव्हता. नव्या कोऱ्या कार्डांवर लिहून उद्या पहाटे पेटी परत ठेवणार होते. हेडमास्तरांनी माझ्या मुलाचा कॉलेजचा दाखला अडवला होता, मास्तर. म्हणाले, सही कर. मी केली. आता तुम्ही मला काय हवं ते बोला.”

मास्तर म्हणाले, “कागद मीच कापायचो, व्लास्ता. कापताना माणूस वाचतो.”

“म्हणजे?”

“बाहत्तरच्या डिसेंबरातच वाचलं. खाली तुझी सही होती.”

व्लास्ताबाई उभ्या राहिल्या. “एकोणीस वर्षं?”

“हो.”

“एकोणीस वर्षं माझ्या हातचा केक खाल्लात, आणि सगळं ठाऊक होतं? ब्र काढला नाहीत?”

“बोललो असतो तर तू परत आली असतीस का? शाळा गेली होती, बायको माहेरी गेली ती गेलीच. जिना चढून येणारी तू एकटी होतीस, बाई. मी हिशोब केला की रागापेक्षा मला गुरुवार जास्त हवा आहे.”

“आणि मला?” व्लास्ताबाई ओरडल्या. “दर गुरुवारी तुमच्या दारात माझी पाचावर धारण बसायची! आज कळेल, उद्या कळेल. एकदा खाडकन थोबाडीत मारली असतीत तर मी सुटले असते! तुम्ही मला माफ करून बसलात आणि मला सांगितलंही नाहीत. आणि आता सगळ्या गावासमोर…”

मिलोशकडे एकवार पाहून त्या बाहेर गेल्या. पाच मिनिटांनी पेटी दाराबाहेर ठेवल्याचा आवाज आला. पावलं जिना उतरली. मिलोशही कसाबसा नमस्कार करून सटकला.

लिबुशेबाईंनी पेटी आत आणली. जुन्या चिठ्ठ्या जशाच्या तशा होत्या, वर नव्या कार्डांची चळत, एकेक अक्षर शाळकरी मुलीसारखं जपून काढलेलं.

“निदान पुस्तक तरी पूर्ण झालं,” त्या म्हणाल्या. काहीतरी बोलायला हवं होतं.

मास्तरांनी पेटीकडे पाहिलंही नाही.

“मी तुम्हाला पेटी शोधायला सांगितलं होतं, बाई. नाव कुणी विचारलं होतं? नाव मला ठाऊकच होतं. राडेकनं ती ओळ वाचली तेव्हाच मी तिचा चेहरा पाहिला.”

“मग मला कशाला बोलावलंत?”

“मी खाली जाऊन मागितली असती, तर तिला कळलं असतं की मला माहीत आहे. मला वाटलं, तुम्ही जिन्यात चार प्रश्न विचाराल, ती घाबरेल, पेटी गुपचूप परत येईल आणि गुरुवारी आम्ही कॉफी घेऊ. झाकली मूठ होती हो. तुम्ही ती चारचौघांत उघडलीत.”

आपण एकही धागा चुकवला नव्हता, सगळं बरोबर जुळवलं होतं, आणि तरी लिबुशेबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मी जाऊन बोलते तिच्याशी,” असं पुटपुटत त्यांनी बूट घातले. मास्तर उठले नाहीत.

पहिल्या मजल्यावर त्यांनी बेल दाबली. आत रेडिओवर बँड वाजत होता.

“व्लास्ताबाई, मी लिबुशे. चुकलं माझं. दार उघडा.”

आतून कुणीतरी रेडिओचा आवाज मोठा केला. वर मास्तरांच्या दाराला आतून कडी लागली. बाई जिन्यात उभ्या राहिल्या. या इमारतीत त्यांना उघडेल असं एकही दार आता राहिलं नव्हतं.