गाठीच्या पोटातली आग

"कंदील बारीक कर रे, डोळ्यात येऊन राह्यला," बापूराव म्हणाले. रोहण्यातल्या त्यांच्या ओट्यावर पोरं सरकून जवळ बसली.

"हरिभाऊ माझे साडभाऊ. बढाई मारणारा माणूस नाई. त्याईनं जसं सांगितलं तसंच सांगतो."

सन चोपन्न. पौष वद्य चतुर्दशीची रात्र. जेवण उरकून हरिभाऊ आर्वीच्या कापसाच्या जिनाकडे निघाले ते एका साध्या कामाला. घंटेच्या हातोडीला फडकं गुंडाळायचं आणि घरी येऊन झोपायचं.

हरिभाऊ तिथल्या रुईच्या गोदामाचे बाबू. सरकी काढलेली रुई दाबून, लोखंडी पट्ट्या आवळून तिच्या गाठी बांधायच्या, आणि त्या मुंबईला जाईपर्यंत गोदामात रचायच्या. लाखाचा माल. आदल्या उन्हाळ्यात शेठनी मुंबईहून आगीची नवी योजना आणवली होती. छताखाली पाण्याचे नळ, नळांना तोट्या, तोट्यांची तोंडं मऊ धातूनं बंद केलेली. खाली आग लागली की धातू वितळणार आणि पाणी कोसळणार. नळात पाणी हललं की भिंतीवरची घंटा आपोआप वाजणार. गावानं तोंडात बोटं घातली.

घंटा वाजायची खरी, पण आग नसताना. हरिभाऊ थंडीत धोतर सावरत धावायचे. तोट्या बंद, जमीन कोरडी, रुई गार. मुंबईचा फिटर ओमप्रकाश आला, सगळं खोललं, पुन्हा बसवलं, "सब ठीक है बाबूजी" म्हणाला आणि चहा पिऊन गाडीत बसला. त्याच रात्री घंटा परत वाजली. बाजारात भाजी घेताना लोक विचारायचे, "काय बाबूजी, झाली का झोप?" हरिभाऊंना मेथीची जुडी तिथंच फेकून द्यावीशी वाटायची.

शेवटी शेठ म्हणाले, "आता विनाकारण वाजली, तर तुम्ही घरी बसा." आणि न वाजता आग लागली तर काय, हे मात्र शेठ बोलले नाहीत.

फाटकावर बंडूजी चौकीदार शेकत बसला होता.

"बाबूजी, घंटा नका बांधू," तो म्हणाला. "काहीतरी असंन म्हणून वाजते."

"काय असंन? तू सांग. त्या फिटरले नाई कळलं, शेठले नाई कळत, मले नाई कळत. तुले कळते?"

बंडूजीनं उठून फाटक उघडलं.

गोदामात कंदील न्यायची बंदी. हरिभाऊंनी बॅटरी लावली, कुलूप काढलं. घंटा आतल्या टोकाला होती. दोन्हीकडे छतापर्यंत गाठी, मधून जेमतेम एका माणसाची वाट.

अर्ध्यात गेले आणि पाण्याचा आवाज आला.

नळ फुटला, असंच त्यांना वाटलं. इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बॅटरी वर केली. नळ कोरडे. तोट्या बंद. पाणी मात्र पडत होतं... हळूहळू, घागरीतून ओतल्यासारखं.

वाट जिथं संपते तिथं एक बाई उभी होती. पाठमोरी. कमरेवरची घागर एका गाठीवर कलती धरलेली.

"कोण हाय? आत कशी आली?"

पाणी पडतच राहिलं.

"अवं बाई, माल भिजून राह्यला! माझी नोकरी जाईन."

पाणी थांबलं.

"मले कामावरून काऊन काढलं, बाबूजी?" तिनं मान वळवली नाही. "हे आतून जळून राह्यलं..."

बॅटरी विझली.

हरिभाऊंनी ती तळहातावर आपटली. एकदा. दोनदा. लागली.

ते वाटेच्या टोकापर्यंत गेले. समोर भिंत. दोन्ही बाजूंनी गाठी. बाई नाही. खाली थेंबभर पाणी नाही. त्यांनी त्याच गाठीवर हात ठेवला... गार. कोरडी.

घंटा न बांधताच ते बाहेर आले. बंडूजीनं त्यांचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "घागर होती?"

हरिभाऊंनी मान डोलावली.

"धुरपता," बंडूजी म्हणाला. "नळ यायच्या आधी आगीच्या बालट्या तीच भरे. नळ आले, शेठनं तिले काढलं. पावसाळ्यात हगवणीनं गेली. तुम्ही दिवाळीनंतर आले, तुमाले कसं माहीत असंन."

सकाळी हरिभाऊंनी ती गाठ फोडायला सांगितली. शेठ भडकले. बांधलेली गाठ फोडायची, ती कशापायी? हरिभाऊ म्हणाले, "फोडा, नाईतर मी आत्ताच घरी बसतो." पट्ट्या कापल्या. वरची रुई पांढरीशुभ्र. खालची पांढरी. मधोमध मात्र नारळाएवढा काळा कोळसा. दाबतानाच कुठली तरी ठिणगी आत गेली असणार. तसली आग दिवसचे दिवस आतल्या आत धुमसते. छताखालच्या तोट्यांना ती कशी कळणार?

पण ती विझली होती. कोळशाभोवतालची रुई ओलीचिंब. कच्च्या रुईवर पाणी ओतलं तर घरंगळून जातं, हे जिनातलं पोरही सांगेल. मग वरचे थर कोरडे ठेवून, पट्ट्यांच्या आत, पाणी पोचलं कसं?

"नळ गळला असंन," शेठ म्हणाले. ओमप्रकाशला पुन्हा बोलावलं. त्यानं नळ तपासले. "सब ठीक है." हरिभाऊ प्रत्येकाला धरून सांगत राहिले. लोक ऐकून घेत आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी करत. शेवटी त्यांनी सांगणंच सोडलं.

बापूराव थांबले. एका पोरानं हळूच विचारलं, "घंटा?"

"त्या रात्रीपासून नाई वाजली."

बापूरावांनी कंदिलाची वात आणखी खाली केली.

"वैशाखात मी आर्वीले गेलतो," बापूराव म्हणाले. "ऊन असं, की धुतलेलं धोतर पिळेपर्यंत वाळे. हरिभाऊनं कोनाड्यातून कागदाची पुडी काढली. त्या गाठीतली मूठभर रुई होती. म्हणाले, हात लाव. मी लावला..."

त्यांनी उजवा हात धोतराला पुसला.

"ओली होती."