किलकिलं दार

डिशवॉशर नीट राखायला फार काही लागत नाही, असं ताईचं मत होतं. गाळणी वरचेवर धुवायची, पाणी मृदू करायचं मीठ संपू द्यायचं नाही आणि भांडी बाहेर काढली की दार किलकिलं ठेवायचं, म्हणजे आत कुबट वास धरत नाही. बाकीचं यंत्र आपलं आपण बघून घेतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची उमेदीची वर्षं गेली होती. पाण्यात काय विरघळतं आणि ते काचेवर पांढरं होऊन का बसतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. त्यामुळे वडिलांच्या घरी ठोकल्याचे आवाज येतात, असं धाकट्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "डिशवॉशर चालू असताना येतात का?"

"ताई, मी बाबांबद्दल बोलतोय, तू यंत्राबद्दल काय विचारतेस?"

या भावाला घरात सगळे मॅनेजर म्हणत. लहानपणी बाकीची मुलं खेळायची आणि हा कोणी कधी खेळायचं ते ठरवायचा, तेव्हापासूनचं ते नाव.

"शेजारच्या काकूंना विचारत होते, तुम्हाला ऐकू येतं का म्हणून," तो म्हणाला. "आणि त्या यंत्राचं दार सदानकदा उघडं. परवा मीच अडखळलो, उद्या तेही पडतील. माझ्याकडे खोली तयार आहे. शनिवारी येतो, बघतो आणि घेऊनच जातो."

"घेऊन जायला बाबा म्हणजे काय सोफा आहेत?"

"सोफा निदान भलतंसलतं बोलत नाही."

शनिवारी त्याच्या आधी पोचायचं, असं तिने तेव्हाच ठरवलं.

वडिलांचं घर पहिल्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघर अरुंद, खिडकी मागच्या अंगणावर उघडणारी, खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची. त्यांचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं होतं. शब्दही ते पुडीतल्या औषधासारखे मोजून द्यायचे. ताईने पिशवीतून पकड, पेचकस आणि जुना टूथब्रश काढला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बिघडलेलं नाही ते."

"मग वापरत का नाही? सिंकमध्ये हाताने धुतलेल्या बशा दिसतायत मला."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ओट्याखाली डिशवॉशरचं दार चारेक बोटं उघडं होतं आणि फटीत लाकडी उलथनं अडकवलेलं होतं, मिटू नये म्हणून.

ताई पदर खोचून खाली बसली. गाळणीत बरणीवरच्या लेबलाचा लगदा, लिंबाची बी आणि काडीचा तुकडा निघाला. पाणी उडवणारे दोन फिरते दांडे असतात, एक तळाशी, एक वरच्या जाळीखाली. त्यांची भोकं तिने टाचणीने मोकळी केली, दाराचं रबर पुसलं, मीठ भरलं. मग सिंकमधली भांडी रचली, उलथनं काढलं आणि यंत्र सुरू केलं.

पाणी भरलं, घरघर सुरू झाली आणि थोड्याच वेळात आतून आवाज आला. टक. मग टक-टक.

ताईच्या छातीवरचा धोंडाच उतरला. ती खळखळून हसली.

"बाबा, सापडलं तुमचं भूत. भांडं उंच असलं की फिरता दांडा त्याला आपटतो. आणि तो मॅनेजर तुम्हाला वेड्यात काढायला निघाला होता."

"असेल," वडील म्हणाले. दुकानात एखादं गिऱ्हाईक आपला आजार आपणच सांगू लागलं की ते याच स्वरात "असेल" म्हणायचे.

तिने दार उघडलं. यंत्र थांबलं. दुधाचं उंच पातेलं कडेला उभं होतं. तिने ते आडवं केलं आणि दार लावलं.

टक. टक-टक.

तिने सगळी भांडी बाहेर काढली. रिकामं यंत्र लावलं. आवाज आला. जाळ्या खिळखिळ्या असतील, म्हणून दोन्ही जाळ्या काढून भिंतीला टेकवल्या. आवाज आला. आता मात्र ती कान देऊन ऐकू लागली. दांडा एका वेगाने फिरतो; तो कशाला आपटत असेल तर ठरावीक अंतराने आपटायला हवा. हा आवाज तसा नव्हता. तो यायचा, मग थांबायचा. वाट पाहिल्यासारखा थांबायचा आणि पुन्हा यायचा.

तिने दोन्ही दांडे काढून ओट्यावर ठेवले. आत आता फिरणारं काहीच नव्हतं.

टक-टक.

"पाइपात हवा अडकली असेल," ती म्हणाली. नळ बंद केला. भिंतीतला प्लग उपसला. बटणांवरचा दिवा विझला. दार लावून ती त्याच्यासमोर फरशीवर बसून राहिली. अंगणात कुणीतरी सायकल टेकवली. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. तिचा श्वास तिला ऐकू येत होता.

टक.

तिच्या गुडघ्याच्या उंचीवरून. धातूवर धातू आपटल्याचा तो आवाज नव्हता. बोटाच्या पेराने, शेजाऱ्याला त्रास होऊ नये अशा बेताने कुणी ठोकावं, तसा होता.

तिने दार उघडलं. आत ओलं, स्वच्छ, रिकामं स्टील होतं आणि लिंबाचा वास.

"उघडलं की थांबतं," मागून वडील म्हणाले. "म्हणून ते उलथनं."

तिने आत हात घालून तळ चाचपला. मग म्हणाली, "कधीपासून?"

"आणलं त्यानंतर थोड्याच दिवसांनी. तुला घाबरवायचं नव्हतं."

"बाबा... आई नाही ना?"

"छे. तुझी आई कधी ठोकायची का? ती जिन्यातूनच हाक मारायची. आणि हे यंत्र ती गेल्यावर आलंय, तिला ठाऊकसुद्धा नाही ते." ते खुर्चीत थोडे पुढे झुकले. "बाहेर येत नाही, काही नाही. दार मिटलेलं नको असतं, इतकंच मागणं आहे."

"अहो, मग इथे राहता कशाला? जा ना मॅनेजरकडे."

"तिकडे सगळे प्रेमाने वागतील. मला विचारून टीव्ही लावतील, मला विचारून दिवा मालवतील. मला पाहुणा होऊन मरायचं नाही, बाळ." त्यांनी खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. "शिवाय मी गेलो की इथे कुणी नवा येणार. नीटनेटका माणूस असेल. दार बंद करून ठेवेल."

ताईने हात पुसले. तिने आयुष्यात एकाही नमुन्याचा निकाल खोटा लिहिला नव्हता. खरं सांगितलं तर मॅनेजर एकाऐवजी दोघांना डॉक्टरकडे नेणार आणि वडिलांचं घर जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने दांडे बसवले, जाळ्या सरकवल्या, प्लग लावला, नळ सोडला. भांडी रचली. ओट्याच्या कोपऱ्यात साठलेल्या, अंड्याचा बलक वाळून चिकटलेल्या बशा, चहाचे कप, आणि पातेलं मुद्दाम उभं, दांड्याच्या अगदी वाटेत.

वडील ओट्याला धरून हळूहळू वाकले. दाराच्या फटीशी तोंड नेऊन, झोपलेल्याशी बोलावं तसं म्हणाले, "तो जाईपर्यंत आवाज नको."

ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मॅनेजर आला तो जिना चढतानाच बोलत. "काय बाबा, तब्येत? ताई, तू आधीच येऊन वकीलपत्र घेतलंस वाटतं."

"वकील नाही, मिस्त्री. बस. तुला ठोकणारं भूत दाखवते."

तिने यंत्र सुरू केलं. टक, टक, टक, टक. घड्याळासारखा, एकसारखा. मॅनेजरच्या भुवया वर गेल्या.

"हे?"

"हेच. दांडा पातेल्याला लागतोय." तिने दार उघडलं, पातेलं आडवं केलं. दार लावलं. "आता ऐक."

तिघं ऐकत राहिले.

काहीच नाही.

आत पाण्याचा आवाज होता. सरळ, एकसुरी, खिडकीच्या काचेवर नळी धरावी तसा. ताईला त्यात काहीतरी वेगळं वाटलं, पण त्यावर विचार करायची तिची तयारी नव्हती. ती फक्त टक होण्याची वाट पाहत होती.

मॅनेजरने चहा घेतला. नवी खोली किती हवेशीर आहे ते सांगितलं. वडिलांना औषधांची नावं विचारली. त्यांनी ती सांगितली आणि त्याची स्वतःची गोळी जेवणाआधी घ्यायची असते हेही सांगितलं. मॅनेजर ओशाळून हसला. यंत्रातलं पाणी गेलं, पुन्हा भरलं. वाफेचा वास आला. एकदाही आवाज झाला नाही.

शेवटी यंत्राने शिट्टी दिली.

"कमाल आहे," मॅनेजर म्हणाला. "एका पातेल्यापायी मी खोलीला रंगसुद्धा दिला." त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "राहा बाबा इथेच. मी घाई केली. पण दार बंद ठेवायचं हं. पडाल."

"बरं," वडील म्हणाले.

त्याची पावलं जिन्यातून उतरली. खालचं फाटक वाजलं.

दोघं तसेच बसून राहिले. बंद दारामागे शांतता होती.

"उघड आता," वडील म्हणाले. "बराच वेळ झाला."

ताईने दार खाली ओढलं. वाफ अंगावर आली आणि ओसरली. तिने खालची जाळी बाहेर घेतली.

बशा धुतल्या गेल्या नव्हत्या.

बलक होता तसा वाळलेला होता. फक्त बोटभर रुंदीची एक पट्टी लख्ख निघाली होती. पहिल्या बशीपासून शेवटच्या बशीपर्यंत, सरळ रेषेत. पाणी सगळा वेळ एकाच जागी उडत राहिलं होतं.

तिने वाकून पाहिलं. तळाचा दांडा त्या पट्टीच्या बरोबर खाली होता. वरचाही त्याच दिशेला. त्यांच्या वाटेत काही नव्हतं. पातेलं आडवं, मागे, तिने ठेवलं होतं तिथेच.

तिने बोटाच्या टोकाने दांड्याला हलकेच ढकललं. तो सहज फिरला. फिरत राहिला.

वडील उठून शेजारी आले होते. त्यांनी एक बशी उचलली, उजेडात धरली आणि त्या स्वच्छ पट्टीवरून अंगठा फिरवला.

"आवाज नको म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "अख्खा वेळ दांडे धरून ठेवले बिचाऱ्याने."

त्यांनी बशी सिंकमध्ये ठेवली. उलथनं शोधून फटीत अडकवलं. मग, काहीतरी आठवल्यासारखं, त्यांनी विचारलं, "आतलं पाणी किती गरम असतं गं?"

ताईला आकडा माहीत होता. तिने तो सांगितला नाही.