मीलीचं दूध कोणी आटवलं?

"रूई, माझं दूध गेलं."

तोंग छ्यूचा आवाज इतका बारीक होता की ग्वान रूईने फोन दुसऱ्या कानाला लावला. चौकीत तिच्यासमोर स्कूटरच्या बॅटऱ्या चोरणारा एक पोरगा बसला होता. तोही कान टवकारून ऐकू लागला.

"गेलं म्हणजे?"

"आटलं. परवापरवापर्यंत कपडे भिजायचे माझे. आता मीली ओढते, ओढते आणि किंचाळायला लागते. मी न्हाणीघरात बसून बोलतेय. शनिवारी सासूबाई तिला गावी घेऊन चालल्यात. ज्येनने, माझ्याच नवऱ्याने, तिकीटसुद्धा काढलंय."

"पाच महिन्यांच्या पोरीला? तुझ्याशिवाय?"

"दूधच नाही तर पोरीला इथे ठेवून काय करायचं, म्हणतात."

रूईने चोराचे कागद शेजारच्या शिपायाकडे सरकवले. "जेवलीस का?"

"घास उतरत नाही. ज्येन म्हणाला, मैत्रिणीला घेऊन बाहेर जा, जरा मन रमव. हॉटपॉटच्या खानावळीचं कूपनही काढून दिलंय त्याने."

"मग चल. आत्ताच."

शेनयांगमध्ये बाहेर बर्फ पडत होता आणि त्या हॉटपॉटवाल्याकडे काचांवरून पाणी ओघळत होतं. लांबलचक टेबलाच्या मधून पट्टा फिरत होता. पट्ट्यावर गोठवलेला टोफू, पालक, लाव्याची इवलीशी अंडी, अजून बर्फ न सुटलेल्या मटणाच्या गुंडाळ्या. ज्याच्या त्याच्यापुढे ज्याचं त्याचं रश्श्याचं छोटं भांडं उकळत होतं; पट्ट्यावरून उचलायचं, त्यात शिजवायचं आणि खायचं. हवं तेवढं खा, दर एकच, तोही परवडणारा. म्हणून तर कारखान्यातून निवृत्त झालेले म्हातारे दुपारभर इथेच ठाण मांडून असत.

वाढणाऱ्या मावशींनी खुर्च्यांवर टाकलेल्या दोघींच्या कोटांवर प्लॅस्टिकच्या खोळी चढवल्या आणि किटली टेकवली. "जवाचा चहा. फुकट आहे, हवा तेवढा प्या."

"मला नको मावशी, माझा आहे." छ्यूने पिशवीतून थर्मास काढला.

"घरून आणलात? वास तर आमच्यासारखाच."

"नवरा भरून देतो, जवाची पुडीही बरोबर टाकतो. तेवढं एकच काम येतं त्याला." बऱ्याच दिवसांनी छ्यू किंचित हसली. "थंडीत गरम पीत जा, दूध वाढतं, म्हणतो."

थर्मासची वाफ रूईच्या नाकाशी आली. तिला एकदम स्वतःचं स्वयंपाकघर आठवलं. उन्हाळ्यातलं. दाराची कड धरून रडणारा तिचा लेक. तेव्हाच तर तिने त्याचं अंगावरचं दूध तोडलं होतं. पण हे आत्ताच का आठवावं? तिने मान झटकली.

"आता नीट सांग. कधीपासून?"

"कडाका पडला तेव्हापासून. आठ-दहा दिवस झाले असतील."

"ताप आला होता? काही गोळ्या?"

"काहीसुद्धा नाही."

"स्वयंपाक कोण करतं?"

"सासूबाई. डुकराच्या पायांचं सूप, शेंगदाणे घालून, बाळंतिणीला देतात तसं. एक दिवसाआड माशाचं."

"तुझ्यासाठी वेगळं?"

"छे, एकाच भांड्यातलं. आम्ही तिघंही तेच पितो." छ्यूने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "पण रूई, मला त्यांचाच संशय येतो. पूर्वी किती मायेने वागायच्या. आता वाडगा आपटतात पुढ्यात. 'तुझ्या मनासारखं होतंय ना, मग रडतेस कशाला?' म्हणतात. माझ्या मनासारखं काय झालंय गं? त्यांना नात हवीय स्वतःच्या कुशीत. ज्येनही म्हणतो, आईने हट्टच धरलाय."

 चोऱ्यांच्या तपासात रूईने नाही नाही ते पाहिलं होतं. बाळाच्या तोंडातला घोट चोरणारा अजून पाहिला नव्हता.

छ्यू चटण्यांच्या टेबलाकडे जाऊन वाडगा भरून आली. तिळाचा दाट लगदा, वर चमचाभर हिरवं काहीतरी. ती बसते न बसते तोच फोन वाजला. पडद्यावर सासूबाई, आणि त्यांच्या खांद्यावर लालबुंद होऊन टाहो फोडणारी मीली.

"बाटली थुंकतेय पोरगी! आणि ते काय वाढून घेतलंस? लसूणपातीच्या फुलांची चटणी? काढ! आधी काढ ती! असेल नसेल तेवढं दूधही जाईल!"

सगळं टेबल वळून पाहू लागलं. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "काढून टाक बाई, म्हणजे आम्हाला सुखाने जेवता येईल."

"मला आठवण राहिली नाही, आई."

"कशी राहील? तुला तर ते नकोच आहे!"

रूईने फोन हातात घेतला. "काकू, मी रूई. दूध नको असं छ्यू कधी म्हणाली?"

"तिलाच विचार ना!"

"तुम्हाला विचारतेय."

"पाजून पाजून वैतागले, मला कामावर जायचंय, मीलीला गावी न्या. आणखी काय म्हणायचं राहिलं?"

"हे तुमच्या तोंडावर म्हणाली?"

पलीकडे सासूबाईंनी मीलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्यांचा आवाज जरा उतरला. "ज्येनने सांगितलं. माझ्या तोंडावर बोलायची लाज वाटत असेल तिला."

छ्यू पडद्यावर झुकली. "आई, मी असं स्वप्नातही..."

"काकू," रूई म्हणाली, "मीलीला गुंडाळा आणि टॅक्सी करून इथे या. भांडण इथे आल्यावर करू."

फोन ठेवून तिने थर्मासचं झाकण उघडलं आणि तळाचे थोडे दाणे लांब चमच्याने एका पांढऱ्या ताटलीत काढले. मग मावशींना हाक मारली. "तुमच्या किटलीतले चमचाभर दाणे मिळतील?"

"चहा पिऊन झाल्यावर दाणे खाणार होय?" असं म्हणत मावशींनी दुसरी ताटली आणून ठेवली.

दोन ताटल्या शेजारी शेजारी. दोन्हींत जव, दोन्ही भाजून तपकिरी. पण किटलीतले दाणे गुळगुळीत होते. थर्मासमधल्या दाण्यांना टोकाशी सुकलेली, केसासारखी शेपटी होती. एकाला नाही, जवळजवळ सगळ्यांना.

रूईने ताटल्यांवर रुमाल टाकला.

"काय आहे गं?"

"ज्येनला बोलाव. म्हण, गोडीगुलाबीने जेवू. आणि तू आधी खा." तिने पट्ट्यावरून मटणाची ताटली उचलली आणि छ्यूच्या भांड्यात उपडी केली. "रिकाम्या पोटी रडू नये. त्याला ताकद लागते."

ज्येनचं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडेच होतं. टोपीवरचा बर्फ झटकत तो हसतमुखाने आला. "रूईताई! कशी वाटली जागा? हिला जरा हसवा हो, घरात नुसती रडत असते."

"बसा. चहा घ्या." रूईने थर्मासमधला उरलेला चहा त्याच्यापुढे ओतला.

ज्येनने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. "झक्कास."

"खरंच छान आहे. माझी भावजय महिन्यापूर्वीच बाळंत झालीये. दूध कमी येतं म्हणून रडकुंडीला आलीये बिचारी. छ्यू, तुझी जवाची पुडीच दे. आज रात्रीपासून हाच चहा देते तिला."

छ्यूने पिशवीतून जवाची पुडी काढली. रूईने हात पुढे केला, पण त्याआधीच ज्येनने पुडीवर झडप घातली.

"नको! तिला नको. म्हणजे, जुना आहे. बुरशी असेल."

"आत्ता तर तुम्ही पेलाभर प्यालात."

"ताई, म्हटलं ना, बाळंतिणीला नको!"

शब्द निसटले तशी त्याने पुडी मुठीत आवळली. 

तेवढ्यात दार उघडलं आणि शालीत गुंडाळलेली मीली घेऊन सासूबाई आत आल्या. रूईने त्यांना खुर्ची दिली आणि रुमाल बाजूला केला.

"काकू, तुमची नजर चांगली आहे का? दोन ताटल्यांत काय फरक दिसतो?"

सासूबाईंनी एक दाणा चिमटीत धरला. दाण्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. "हे जव साधे नाहीत. मोड आणून भाजलेत."

"बरोबर. याच उन्हाळ्यात माझ्या लेकाचं अंगावरचं तोडताना मी हेच उकळून प्याले. दाट, दिवसातून दोनदा. तीन दिवसांत अंग कोरडं झालं. वास ओळखीचा वाटला, पण इथल्या चहाचा वासही तसाच, म्हणून लक्षात यायला वेळ लागला. छ्यूचाही तोच घोटाळा झाला. जवाचा चहा इथे घराघरांत असतो. शंका कोण घेणार?"

"मग आईच..." छ्यू पुटपुटली.

"मलाही आधी त्यांचीच शंका होती. पण चमचाभर चटणी दिसली तर ज्या बाईने अख्ख्या खानावळीसमोर आरडाओरडा केला, ती दूध आटवेल का? सुपात काही असतं तर तिघांनी प्यायलं असतं. फक्त छ्यूच्याच पोटात जाणारी एकच गोष्ट होती, आणि ती भरणारा हात एकच." रूई ज्येनकडे वळली. "आईला सांगितलंस, छ्यूला पाजायचं नाही. छ्यूला सांगितलंस, आईने हट्ट धरलाय. घरात दोन बायका एकमेकींशी धड बोलत नाहीत याचा फायदा घेतलास. मला फक्त एवढं ठरवायचं होतं, की तुला कळत होतं की नाही. दुकानदाराने चुकून चुकीची पुडी दिली असेल, असंही मी धरून चालले होते. म्हणून भावजयीचं नाव घेतलं. मला भावजयच नाही. एका अनोळखी बाळंतिणीचं दूध आटेल म्हणून तुझा जीव कासावीस झाला, ज्येन. स्वतःच्या लेकीसाठी नाही झाला?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" ज्येन उसळला. "मी सगळ्यांच्या भल्याचाच विचार केला. ही एकटी काय सांभाळणार होती मीलीला?"

"एकटी?" छ्यूने मान वर केली. "मी एकटी कधी होणार होते?"

काय बोलून बसलो ते ज्येनच्या ध्यानात आलं. फार उशीर झाला होता.

"घटस्फोटाच्या वकिलाने सांगितलं असेल," रूई म्हणाली. "अंगावर पिणारं बाळ कोर्ट आईपासून तोडत नाही. म्हणून आधी दूध तोडायचं. मग बाळ गावी, आजीजवळ. मग म्हणायचं, पोरगी तर आमच्याकडेच वाढतेय, आईने स्वतःहून सोडली. घटस्फोटाचे कागद छ्यूच्या हातात सगळ्यात शेवटी पडणार होते."

सासूबाई सावकाश उठल्या. थप्पड बसणार असं म्हातारबाबांना वाटलं असावं, त्यांनी आपलं भांडं जवळ ओढलं. पण सासूबाई छ्यूपाशी गेल्या.

"मी तुझ्यापुढे वाडगे आपटले," त्या म्हणाल्या. "तोंड उघडून एकदा विचारलं असतं तर..."  त्यांनी मीलीला छ्यूच्या मांडीवर ठेवलं. "पाज."

"आई, नाहीच आहे काही."

"असू दे. ओढू दे तिला. ओढलं की येतं. नाही आलं तर उद्या ओढेल, परवा ओढेल. मी शनिवारी कुठेही जात नाही."

त्यांनी खुर्चीवरची प्लॅस्टिकची खोळ ओढून काढली आणि दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरून उभ्या राहिल्या, लेकाकडे पाठ करून.

"घराची किल्ली टेबलावर ठेव," त्या मागे न पाहता म्हणाल्या. "आणि ती पुडी रूईच्या हातात दे. पोलीस आहे ती. कोर्टात कधी काय लागेल, सांगता येत नाही."

किल्ली टेबलावर वाजली. रूईने पुडी घेऊन नीट दुमडली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

खोळीमागे मीली ओढत होती, चिडत होती, तोंड सोडून किंचाळत होती, पुन्हा ओढत होती. छ्यू तिच्या घामेजलेल्या डोक्यावर हात फिरवत राहिली. पट्ट्यावरून पालकाची तीच ताटली पुन्हा एकदा समोरून गेली. कोणी हात लावला नाही.

मग रडणं थांबलं. आणि खोळीमागून एक छोटासा आवाज आला. घोट गिळल्याचा.

"छ्यू, माझं ऐक तरी," ज्येन म्हणाला.

"आवाज करू नकोस," छ्यू म्हणाली. "ती पितेय."