ब्लॅकलिस्टमधली मुलगी

"अहो... तुम्ही माझ्या फाईलवर बसलाय!"

बारामती स्टँडवर इंदापूरची गाडी लागली की आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि मग दारातून चढायचं, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी मी रुमाल घरी विसरले होते, म्हणून हातातली फाईलच टाकली. रेटारेटीतून आत पोचते तर काय, निळ्या चेक्सच्या शर्टातला एक मुलगा खुशाल तिच्यावर बसून शेंगदाणे खातोय!

तो ताडकन उठला. "सॉरी हं... दिसलीच नाही. महत्त्वाचं होतं का काही?"

"माझी आख्खी डिग्री आहे त्यात."

"तरी म्हटलं, आज सीट एवढी टोचतेय का!"

हसू आलं, पण मी दाखवलं नाही. उगाच कशाला लाडावून ठेवायचं? तो सरकला, मी बसले. बाहेर सप्टेंबरातला पाऊस तिरका लागला होता. खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, त्यामुळे माझी बाही भिजत होती. त्यानं काही न बोलता आपली बॅग त्या फटीत धरली. धरली ती जळोची गाव मागं पडलं तरी धरलेलीच!

"हात दुखेल," मी म्हणाले.

"दुखू दे. डिग्री भिजायला नको."

"भिजली तरी काय फरक पडतो? मी ब्लॅकलिस्टमध्ये आहे."

आता हे अनोळखी माणसाला सांगायची काही गरज होती का? पण तीन महिने पोटात ठेवलेलं असं भसकन बाहेर पडतं. मी एका डेअरीच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. आईचा पाय मोडला, तेव्हा नोटीस न देता सोडून आले. तिथली एचआर मॅडम फोनवर म्हणाली होती, "बघते तुला बारामतीत कोण नोकरी देतं ते!" तेव्हापासून बेचाळीस अर्ज केले. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटवर स्वतः जाऊन कागद देऊन आले. इकडच्या कंपन्या काही मेल-बिल करत बसत नाहीत, सरळ फोन लावतात. मला एकही फोन नाही. बेचाळीसमधून एक तरी यावा की नाही?

"या एचआरवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो," मी सांगितलं. "त्यात नावं टाकतात. काळजाच्या जागी दगड असतो मेल्यांच्या!"

त्याला शेंगदाण्याचा ठसका लागला. मी पाण्याची बाटली दिली.

"तुम्ही काय करता?"

"मी... बारामतीत ऑफिसात असतो. कागदं इकडची तिकडं," तो म्हणाला आणि पावसाकडे बघत बसला.

तेवढ्यात भिमाकाका आले. ते कंडक्टर, आमच्याच लासुर्ण्याचे. "छकुले, तिकीट काढलंस का गं?"

झालं! घरचं नाव गाडीभर झालं. तो गालात हसला. "मी अविराज. वालचंदनगरला राहतो, क्वार्टर्समध्ये. बरं... छकुली."

मी मंगळवारी आणि गुरुवारी अर्ज द्यायला बारामतीला जायचे. पुढच्या मंगळवारी परतीच्या गाडीत माझ्या जागेवर एक निळा रुमाल होता, आणि त्याच्या शेजारी तो. आधी दोन शेंगदाणे, मग अर्धी पुडी, मग सगळी पुडी माझ्याच हातात. जागा तो धरायचा आणि मी भांडायचे की मला खिडकीच हवी. तो दरवेळी खिडकी द्यायचा, तरी मी दरवेळी भांडायचे! गाडी वळणावर झुकली की आमचे खांदे लागायचे, आणि रस्ता सरळ झाला तरी ते लगेच वेगळे व्हायचे नाहीत. खरं सांगते, नोकरी नसतानाही मला गुरुवारची वाट बघायची सवय लागली.

पण दसरा जवळ येत होता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "दसऱ्यापत्तूर बग. न्हाय झालं तर इंदापूरचं स्थळ बगाया येतंय." अप्पा वाईट नाहीत हो. पोरगी घरात बसून झुरते, हे त्यांना बघवत नव्हतं. पण मला लॅब पाहिजे होती. पांढरा कोट, हातात पिपेट, आणि माझ्या सहीशिवाय दुधाचा टँकर पुढं जायचा नाही. ते एकदा चाखलं की चुलीपुढं मन लागत नाही.

दसऱ्याला बारा दिवस राहिले, त्या गुरुवारी मी गाडीत रडले. तोंड खिडकीकडे करून, पण नाक काय ऐकतंय!

"फाईल द्या," अविराज हळूच म्हणाला. "कागदात काही चुकलंय का बघतो."

त्यानं पहिलं पान उघडलं आणि नाव मोठ्यानं वाचलं.

"स्वरूपा... दत्तोबा... लोंढे? तुम्ही?"

"मग काय जन्मभर छकुलीच राहू?"

"पण तुमचं तर... लग्न ठरलंय!"

"कुणी सांगितलं?"

त्यानं कागदावरच्या नंबरावर बोट टेकवलं. "तुमच्या घरच्यांनी. हाच नंबर आहे. ऑगस्टमध्ये मीच फोन केला होता... इंटरव्ह्यूसाठी. ते म्हणाले, तिचं ठरलंय, परत फोन करू नका. मी तुमच्या नावापुढं तसं लिहून टाकलं." मग आणखी खाली मान घालून, "मी एचआरमध्ये आहे. त्या दिवशी तुम्ही दगड म्हणालात... मग सांगायचं धाडस झालं नाही."

कागदावरचा नंबर अप्पांचा होता. आमच्या घरी पोरीचा नंबर कुठल्या कागदावर जात नाही. शाळेपासून सगळीकडे अप्पांचाच. मला त्यात कधी काही वावगंच वाटलं नव्हतं.

"तीन आठवडे माझे शेंगदाणे खाल्ले आणि सांगितलं नाही?"

"शेंगदाणे माझे होते..."

"गप्प बसा!"

मी लासुर्ण्याला उतरले आणि तशीच रानात गेले. अप्पा टोमॅटोच्या बांधणीत होते, खांद्यावर सुतळीचा गुंडा.

"अप्पा, मला विचारत कुणाचे फोन आलेवते?"

"आलेवते की. धा-बारा आलं आस्तील. बाप्या मानसाचा आवाज, आन थेट पोरीचं नाव! तरन्या पोरीला कोण बी फोन करणार व्हय? म्या म्हणायचो, तिचं ठरलंय, परत फोन करू नगा."

"मी रोज विचारत होते ना, कंपनीचा फोन आला का म्हणून!"

"कंपनीचा कुठं आला? म्या त्यास्नी फुडं बोलूच दिलं न्हाय."

मी बांधावर बसले. ब्लॅकलिस्ट होती, आणि ती माझ्या बापाच्या सदऱ्याच्या खिशात होती! मला रडावं का हसावं कळेना. अप्पांच्या मात्र ध्यानात आलं. सुतळी खाली पडली. "म्हंजी... ती नोकरीची मानसं व्हती? आरं द्येवा... पोरी, म्या तुजं वाटोळं केलं की गं."

त्यांचे डोळे भरले. मला राग धरता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसले आणि फोन आलेल्या त्या सगळ्या नंबरांना एकेक करून फोन लावला. "नमस्कार सायेब. लासुर्न्यातनं स्वरूपाचा बाप बोलतोय. तिचं ठरलेलं न्हाय. चूक माजी हाय, लेकीची न्हाय. पोरगी कामाला वाघ हाय, येक डाव बगा." आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. बहुतेकांच्या जागा भरल्या होत्या. एकानं सोमवारी बोलावलं. ती अविराजचीच कंपनी निघाली.

सोमवारी गेटवर तोच उभा होता. रात्रभर झोपला नसावा. "तुमच्या नावापुढचं खोडलंय," तो म्हणाला. "आणि साहेबांना सांगितलंय की मी तुम्हाला ओळखतो. त्यामुळे इंटरव्ह्यूला मी खोलीत नसेन. मिळाली तर तुमची तुम्हाला मिळेल."

"ओळखतो म्हणजे कसं, ते विचारलं असेल साहेबांनी?"

"विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं... गाडीतली ओळख." त्याचे कान लालबुंद.

"आणि तो तुमचा ग्रुप?"

"त्यावर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात हो!"

राग पार गेला नव्हता. पण निम्मा तिथंच, गेटवरच उतरला.

लॅबमध्ये तीन नमुने तपासायला दिले. पिपेट हातात आली आणि तिन्ही एका दमात तपासून दिले. नोटीस न देता का सोडलं, हेही विचारलं. मी खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी निदान एक फोन करा." दसऱ्याच्या चार दिवस आधी मला पत्र मिळालं. इंदापूरच्या पाहुण्यांना अप्पांनीच परस्पर कळवलं, "पोरगी कामाला लागली, आता तिच्या मर्जीनं."

पहिल्या दिवशी अविराजच्या टेबलासमोर बसून जॉइनिंगचा फॉर्म भरत होते. नाव, पत्ता, रक्तगट... आणि नंबर. नंबर मी माझा लिहिला. चौदाव्या ओळीला पेन थांबलं. 'या कंपनीत आपले कोणी नातेवाईक काम करतात का?'

"हे कशाला?" मी विचारलं.

"नात्यातली दोन माणसं एका प्लांटला ठेवत नाहीत. नवरा-बायको तर नाहीच." तो नको तितकं मन लावून स्टेपलर उघडझाप करत होता. "तुम्ही... ती ओळ थोडे दिवस रिकामी ठेवता का?"

"का?"

"कारण मला..." स्टेपलर थांबला. त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "स्वरूपा, तुम्ही मला आवडता. गुरुवार नसला की दिवस जात नाही. आणि ही नोकरी तुम्हाला किती कष्टानं मिळालीय ते मला माहितीय. म्हणून विचारायलाही भीती वाटते."

माझ्या छातीत इतकं धडधडायला लागलं की बाहेर लॅबपर्यंत ऐकू गेलं असेल. हा मला आवडत होता. पहिल्या दिवशी बॅग धरली तेव्हापासूनच. पण मी पेन टेकवलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'नाही.'

त्याचा चेहरा एवढासा झाला.

"आज नातं नाही, म्हणून 'नाही' लिहिलं," मी फॉर्म त्याच्यापुढं सरकवला. "उद्या व्हायचं असेल नातं, तर ही नोकरी मी सोडणार नाही हं. बेचाळीस अर्ज मी केलेत. आता दुसऱ्या कंपन्यांत तुम्ही करायला लागा."

त्यानं स्टेपलर बाजूला ठेवला. मग हळूहळू हसू त्याच्या ओठांवर, डोळ्यांत, सगळीकडे पसरत गेलं. त्यानं प्रिंटरमधला कोरा कागद ओढला आणि अगदी सुवाच्य अक्षरात वर लिहिलं... 'अर्जदाराचे नाव : अविराज.'