लागेल ना गं पोरीला!

"वन्सं, माझ्या लेकीला मांडीवर घ्यायची तुम्हाला एवढी किळस वाटते?"

भावजयीच्या शब्दांनी आक्काच्या काळजात चर्र झालं. किळस! जिच्यासाठी शिलाईयंत्रावर बसून तिने झबल्यांची चवड रचली, जिच्या बोळक्या हसण्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटायचा, त्या छकुलीची किळस? पण बोलणार काय, कपाळ! स्वतःच्या संसाराचा विचारही न करता धाकट्या भावाला वाढवणारी ही बहीण, त्याच्या घरी पाळणा हलला तशी आपलं ताट वेगळं करून, गळाबंद, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मागच्या खोलीत राहायला गेली होती.

आज मात्र भावजय हट्टालाच पेटली. तिने आक्काचा हात ओढला, बाही वर सरकली... कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे!

"सोड गं! लागेल ना पोरीला!" आक्का किंचाळली आणि तिने बाही खाली ओढली. "अंगभर पसरलंय हे... रोज जंतुनाशकाने खसाखसा घासते, तरी वाढतच चाललंय!"

"आणि मी मेली तुम्हाला काय काय बोलले!" भावजयीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

दुसऱ्याच दिवशी तिने आक्काला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी कोपरं, टाळू, पाठ पाहिली, नखांवरचे बारीक खड्डे निरखले, सांधे दुखतात का तेही विचारलं.

"सोरायसिस आहे. मुळापासून जाईल असं वचन देत नाही, पण औषधांनी आटोक्यात ठेवता येतो. आणि ते घासणं आजपासून बंद! त्यानेच कातडी आणखी चिडलीय."

"पण बाळाला...?"

"लागत नाही हो हा. कुणालाच नाही."

म्हणजे पोरीच्या मायेपोटी आक्का जे करत होती, त्यानेच... वेडी गं बाई, वेडी! हसावं की रडावं, तिला कळेना.

संध्याकाळी भावजय मलम घेऊन आली. "पाठ करा इकडे. तुमचा हात कुठे पोचतोय तिथे!" तिची बोटं खरखरीत चट्ट्यांवरून हळुवार फिरू लागली, आणि इतक्या दिवसांनी कुणीतरी आपल्याला शिवतंय या जाणिवेने आक्काला हुंदका आवरेना.

मग हात धुऊन भावजयीने छकुलीला उचललं आणि सरळ आक्काच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, चट्टे आहेत अजून... लागेल..."

"लागू दे ना, वन्सं. लागला तर लळाच लागेल!"

छकुलीने आत्याची बाही मुठीत घट्ट पकडली. आक्काने ती सोडवली नाही.